पिकअपचा साज, पिकअपचा बोजा

बोईसर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून नवापूर, उच्छेळी, दांडीचा रस्ता धरला, की पिकअपची सगळी सोंगं पाहायला मिळतात. एकीत बर्फाच्या लाद्या, एकीत कोळंबीचे क्रेट, एकीत तारापूर एमआयडीसीतली निळी पिंपं, एकीत जाळ्यांचा ढीग आणि त्यावर बसलेली दोन माणसं, एकीत मांडवाचे बांबू. नंबर बहुतेकींचा एमएच ४८. कंपनीच्या दारातून निघाली तशीच राहिलेली गाडी मात्र शोधून सापडायची नाही. कुणी हौद्याला उंच जाळी मारलेली, कुणी मागे पाटे वाढवलेले, कुणाच्या टपावर कॅरिअर, कुणाच्या नाकावर जाड पाइपांचा गार्ड, आणि काचेवर एकवीरा आई नाहीतर जीवदानी प्रसन्न. गाडी घेतल्यानंतर तिच्यावर चढणाऱ्या या सामानातलं कोणतं कमावतं, कोणतं नुसतंच बसून खातं आणि कोणतं एक दिवस अंगावर येतं, ते पाहू.

मुळात ही गाडी पुरी करायची जबाबदारी कंपन्यांनी पहिल्यापासून अर्धी गिऱ्हाइकावर टाकलेली आहे. १९८८ साली टाटांची मोबाईल २०६ आली, तिच्यामागून २०७. २००५ साली एस आली, जिला महाराष्ट्र छोटा हत्ती म्हणतो. २०११ साली अशोक लेलँडची दोस्त, २०१९ साली टाटांची इंट्रा. खेड्यापाड्यांत सगळ्यांत घट्ट मुळं धरली ती महिंद्राच्या बोलेरो पिकअपने; २०२३ साली आलेल्या तिच्या मॅक्स मालिकेत १.३ टनांपासून २ टनांपर्यंत माल उचलणारी मॉडेलं आहेत. यांतल्या बऱ्याच गाड्या तयार हौद्यासह मिळतात, तशा नुसत्या केबिन-चासी म्हणूनही मिळतात. मग बॉडी बांधणाऱ्याकडे जायचं. कायद्यानेही हे गृहीत धरलेलं आहे. नोंदणीच्या फॉर्म २२-अ चे दोन भाग असतात, पहिला गाडी बनवणाऱ्या कंपनीने भरायचा, दुसरा बॉडी बांधणाऱ्याने. म्हणजे हौदा, बॉक्स, जाळी ही पिकअपची चैन नव्हे. पण एकदा वेल्डिंगची ठिणगी उडाली की कुठे थांबायचं हे गॅरेजवालाही सांगत नाही आणि मालकही विचारत नाही.

थांबायची खूण खरं म्हणजे आरसी बुकातच असते. रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन असे दोन आकडे तिथे छापलेले असतात, आणि मालाची परवानगी म्हणजे या दोहोंतला फरक. कमाल वजनाचा आकडा गॅरेजात वाढत नाही. गाडीवर काहीही चढवलं की फक्त रिकामं वजन वाढतं. पिकअपला लावलेली प्रत्येक वस्तू अशी मालाच्या वाट्यातून जाते. हौद्यात घालायचा चेकर्ड पत्रा घ्या. पावणेतीन मीटर लांब, पावणेदोन मीटरच्या आत रुंद हौदा धरला तर साडेचार चौरस मीटरच्या आसपास पत्रा लागतो. ३ मिमी जाडीच्या लोखंडाचं वजन चौरस मीटरला साडेतेवीस किलो, म्हणजे नुसत्या तळाचे शंभरावर किलो झाले. तोच पत्रा ॲल्युमिनियमचा घातला तर चाळीसच्या आत. त्यात पुढचा गार्ड, टपावरचं कॅरिअर, दुसरी स्टेपनी, वाढवलेले पाटे, उंच जाळी धरा. दीड टनाची गाडी माल भरायच्या आधीच सव्वा टनावर आलेली असते, आणि मालक मात्र पूर्वीइतकंच भाडं भरतो. वजनकाट्यावर सापडलं तर २०१९च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार. माल बाजूला, पुढे-मागे किंवा वर मर्यादेबाहेर डोकावला तर त्याचेही २० हजार. रिकामी गाडी, सगळ्या साजासकट, एकदा काट्यावर नेऊन चिठ्ठी घ्यायला शे-दोनशे रुपयेसुद्धा लागत नाहीत. तेवढं करणारा मालक विरळा.

दांडीच्या बाजूला ज्याच्यावर पैसा घालावा असं पहिलं सामान म्हणजे थंडी टिकवणारा बॉक्स. या पट्ट्यातली मासळी किनाऱ्यावर उतरते आणि पालघर, बोईसर, वसई, मुंबईकडे जाते. २०२३ साली राज्यमासा ठरलेलं पापलेट असो, बोंबील असो की कोळंबी, वाटेत अर्धा दिवस गेला तरी भाव टिकला पाहिजे. मुरब्याच्या एका बोटीला २०२१च्या ऑगस्टअखेर १५७ घोळ मिळाले आणि त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये झाले, ही बातमी सगळ्यांनी वाचली. तसा घोळ रोज मिळत नसतो, पण रोजच्या बोंबलाचंही गणित तेच आहे. मासळी किनाऱ्यावर ताजी असून भागत नाही, बाजारात ती ताजी दिसावी लागते. मासळी आणि बर्फ सारख्या वजनाने घालावेत असं आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी सांगतात. याचा अर्थ दोन टनांची गाडी मासळीची एक टनाची होते. बर्फ जितका कमी वितळेल तितका पुढच्या खेपेला कमी घ्यावा लागतो आणि तेवढीच मासळी जास्त बसते.

पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, इथे कामाला येतो. अडीच मीटर लांब, एक मीटर साठ रुंद, दीड मीटर उंच बॉक्स धरा. सहाही बाजू मिळून वीस चौरस मीटर भरतात. भिंतीत ७५ मिमी पफ असेल, आत बर्फाचं तापमान आणि बाहेर तेहेतीस अंश असेल, तर भिंतींतून आत शिरणारी उष्णता तासाला दोन-सव्वादोन किलो बर्फ खाते. हा कागदावरचा हिशेब झाला. दार दहा वेळा उघडलं, दाराचं रबर फाटलेलं असलं, गाडी उन्हात उभी राहिली तर आकडा दुप्पट-तिप्पट होतो. तरीही ताडपत्रीखाली क्रेट रचून नेताना जे पाणी होतं, त्याच्या मानाने हे काहीच नाही. थर्माकोलने काम स्वस्तात होतं, पण त्याच थंडीसाठी जाडी दीडपट लागते आणि तेवढी आतली जागा जाते.

बॉक्स बिघडतो तो मात्र फोममुळे नाही, भोकांमुळे. आतल्या पत्र्यावर हुक हवा म्हणून स्क्रू मारला, दिवा हवा म्हणून वायरीला भोक पाडलं, की खारं पाणी फोममध्ये शिरतं. ओला फोम थंडी धरत नाही आणि वजन मात्र धरतो. वर्षभराने मालक म्हणतो, बॉक्स जड झाला. चांगल्या बांधणीच्या बॉक्सला आतून फायबरचा अखंड थर असतो, कोपरे गोल असतात म्हणजे घाण अडकत नाही, तळाला मागच्या बाजूला हलका उतार असतो, आणि उताराच्या टोकाला तोटीसकट निचऱ्याची नळी. नळीखाली चासीला टांगलेली प्लास्टिकची टाकी हवी. एवढ्याशा टाकीवर पैसे वाचवणारे फार. वितळलेल्या बर्फाचं, मासळीच्या रक्ताचं पाणी मग रस्त्यावर गळत जातं, वळणावर आणि गतिरोधकावर जास्त, आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यावरून घसरतो. टाकीत जमलेलं पाणी मुक्कामी गेल्यावर ओतायचं असतं, चालत्या गाडीची तोटी उघडून नव्हे. काही जण टाकी लावूनही तेच करतात.

एकच पिकअप असलेल्याला, जो पहाटे मासळी आणि दुपारी भाजी, चिकू नाहीतर सिमेंट वाहतो, त्याला मी कायमचा बॉक्स सुचवणार नाही. जाड भिंतीचे, झाकणाचे इन्सुलेटेड प्लास्टिकचे टप मिळतात, चार-सहा ठेवले की झालं. काम संपलं की उतरवले, धुतले, पालथे घातले. बोल्टने बसवलेली वस्तू गाडीत केलेला बदल ठरते आणि दोराने बांधलेली वस्तू माल ठरते, हा कायद्याचा फरकही टपांच्या बाजूने आहे. एमआयडीसीतून आलेली रसायनांची रिकामी पिंपं कापून त्यांत मासळी नेणं हा मात्र स्वस्ताईचा घातक प्रकार. धुतली म्हणून पिंपातलं जुनं रसायन प्लास्टिकमधून जात नाही.

मासळीच्या गाडीचा खरा शत्रू गंज. किनाऱ्याची हवा खारी, शेजारी तारापूरची कारखानदारी, आणि वर हौद्यातून ठिबकणारं खारं पाणी. हवा धातूला किती खाते याच्या पायऱ्या आयएसओ ९२२३ या मानकात ठरवलेल्या आहेत, सी१ पासून सी५ पर्यंत आणि त्याही वर सीएक्स. समुद्र आणि कारखाने शेजारी आले की हवा वरच्या पायऱ्यांवर असते. हौद्याचा पत्रा वरून चकचकीत दिसतो, पण त्याच्या आणि चासीच्या मधल्या आडव्या पट्ट्यांवर पाणी साचतं. चासीच्या बंद नळकांड्यांना खाली निचऱ्याची भोकं असतात, ती चिखलाने आणि खवल्यांनी बुजतात. खाली वाकून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्या भोकांत घाला, कित्येकदा लाल पाणी गळायला लागतं.

यावर इथला जुना उपाय म्हणजे जळकं ऑइल. सर्व्हिसिंगला निघालेलं काळं ऑइल चासीवर मारायचं. लोखंडावर ते काही दिवस टिकतं, खोटं नाही, पण त्याच फवाऱ्यात ब्रेकचे रबरी पाइप, बुश, इंजिनाची माउंटिंग भिजतात आणि फुगतात. उरलेलं ऑइल पहिल्या पावसात शेतात आणि खाडीत. त्यापेक्षा गंज घासून, झिंकचा प्रायमर मारून, वर डांबरी किंवा रबरी कोटिंग केलेलं बरं. गंजावरच कोटिंग मारलं तर मात्र ते गंज झाकून ठेवतं एवढंच. आणि सगळ्यांत स्वस्त सामान म्हणजे गोड्या पाण्याची होज: रोज खेप संपल्यावर चाकांच्या आतल्या बाजूला, पाट्यांवर, हौद्याखाली पाच मिनिटं पाणी. ओल्या वाळूवर गाडी नेणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये. हबमध्ये खारं पाणी गेलं की बेअरिंगचं ग्रीस पांढरं पडतं आणि पुढचा आवाज सगळ्यांना ओळखीचा आहे.

धातू निवडतानाही इथे फसगत होते. हलका म्हणून ॲल्युमिनियमचा पत्रा घालायचा सल्ला मी वर दिला, पण तो लोखंडी पट्ट्यांवर लोखंडी बोल्टने ठोकला आणि मधे खारं पाणी शिरलं, की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम बोल्टभोवती पांढऱ्या पिठासारखं झडायला लागतं. मधे रबराची पट्टी, बोल्टखाली नायलॉनचा वॉशर, एवढ्याने काम होतं. स्टेनलेस स्टीलचं तेच. दुकानात स्वस्तात मिळणारं २०२ ग्रेडचं स्टील किनाऱ्यावर चहाच्या रंगाचे डाग घेतं. ३०४ टिकतं, आणि सतत खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या ठिकाणी ३१६ लागतं. दुकानदार तिन्हींना स्टेनलेसच म्हणतो. चुंबक चिकटतं का हे बघून ग्रेड ओळखायची पद्धतही फसवी, कारण २०२ लाही चुंबक फारसं धरत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागणं हाच मार्ग.

आता पाटे. पिकअपवाल्याचं हे आवडतं ऑपरेशन. गाडी मागून बसते म्हणून एक-दोन पाटे वाढवले, की भरलेली गाडीही ताठ उभी राहते आणि मालकाला वाटतं गाडीची ताकद वाढली. ताकद पाट्यांची वाढली. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, टायर तेच, आणि ब्रेक तर तेच. उलट ब्रेकचं नुकसान होतं. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सल आणि चासीच्या मधे एक दांडी आणि तिला जोडलेला झडपेचा डबा असतो, गाड्यांच्या भाषेत एलएसपीव्ही. गाडी भरली की चासी खाली येते, दांडी वळते, आणि झडप मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. रिकाम्या गाडीला दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. पाटे वाढवल्यावर भरलेली चासी खाली येतच नाही. झडपेला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि ती दोन टनांच्या मालाला रिकाम्या गाडीचे ब्रेक देते. मनोरच्या उतारावर पुढची ट्रक थांबल्यावर हे कळून उपयोग नसतो. पाटे बदलायचेच असतील तर कंपनीने त्या मॉडेलला दिलेलाच संच घालावा आणि त्याच वेळी झडपेची दांडी ठरलेल्या मापाला लावून घ्यावी. ही दांडी तारेने बांधून ठेवलेल्या गाड्याही रस्त्यावर आहेत.

टायरच्या बाबतीत एवढंच पाहायचं: टायरवर छापलेला भाराचा अंक आणि प्लाय, दोन्ही कंपनीच्या मापापेक्षा खाली येता कामा नयेत. रुंद टायर, चकचकीत अलॉय यांनी पिकअपचा काहीही फायदा होत नाही. अलॉयला तडा गेला तर गावातला पंक्चरवाला काही करू शकत नाही, लोखंडी डिस्क मात्र तो हातोडीने सरळ करून देतो.

नाकावरचा गार्ड हे या साऱ्या बाजाराचं सर्वांत लाडकं आणि सर्वांत निरुपयोगी सामान. धडक बसली की गाडीच्या पुढच्या भागाने चेपून धक्का खायचा असतो. गार्ड तो धक्का थेट चासीत पोचवतो, आणि समोर माणूस असेल तर त्याच्या छातीत. रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून हे गार्ड काढायला लावा म्हणून सांगितलं. त्यानंतर काय झालं ते रस्त्यावर दिसतंच. पासिंगच्या आदल्या दिवशी गार्ड उतरतो, पासिंग झाल्याच्या दुसऱ्या दिवशी चढतो. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दोन वर्षांनी असतं, त्यापुढे दर वर्षी. तेवढ्याच वेळा चार बोल्ट सोडवायचा त्रास.

गार्ड लावायचाच असेल तर तो ड्रायव्हरच्या मागे लावा. केबिनच्या पाठीशी, हौद्याच्या पुढच्या टोकाला, चासीच्या पट्ट्यांना धरलेली मजबूत जाळी. युरोपात माल बांधण्याचा हिशेब करताना जोराचा ब्रेक लागल्यावर माल आपल्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे येतो असं धरतात. एक टन बर्फ असेल तर आठशे किलोंचा रेटा केबिनच्या पातळ पत्र्यावर, ज्याच्या पलीकडे ड्रायव्हरचं डोकं असतं. बर्फाची लादी ओल्या पत्र्यावर किती सहज सरकते हे सांगायला नको. तळाला रबराची मॅट घातली की अर्धं काम होतं. उरलेलं दोराने. निळा-हिरवा नायलॉनचा दोर उन्हाने आणि खाऱ्या हवेने वर्षात ठिसूळ होतो, आणि गाठ बांधणाऱ्याच्या हातावर सगळं अवलंबून. खटक्याने आवळायचे पट्टे आता सगळीकडे मिळतात; ते घ्यावेत, पण ज्या हुकाला लावायचे तो हुक हौद्याच्या पातळ कडेला नव्हे तर खालच्या पट्टीला वेल्ड केलेला हवा. हौद्याच्या कडेला पुंगळी वाकवून लावलेले हुक पहिल्याच झटक्यात पत्र्यासकट उपटून येतात.

उजेडाच्या हौसेबद्दल थोडक्यात. हॅलोजनच्या घरात एलईडीचा बल्ब कोंबला की उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. १०० वॅटचा हॅलोजन घातला तर ६० वॅटला जिथे ५ अँपिअर वाहायचे तिथे सव्वाआठ वाहतात, होल्डर वितळतो, आणि वायर जळाल्याचा वास केबिनमध्ये येतो. जास्त दिवे हवेच असतील तर वेगळा रिले, वेगळा फ्यूज. पाठीमागची लाल, बाजूची पिवळी, पुढची पांढरी रेडियम पट्टी पासिंगसाठी लावतात आणि पुढे तिच्यावर मासळीच्या पाण्याचा थर बसतो. रात्री नादुरुस्त होऊन कडेला उभ्या राहिलेल्या पिकअपला वाचवते ती हीच पट्टी, टपावरचा निळा दिवा नव्हे. प्रेशर हॉर्नबद्दल लिहायची इच्छा नाही. डीजेच्या भिंती चढवलेल्या पिकअपबद्दल त्याहून नाही.

बॉक्स बसवलेल्या गाडीला मागची काच उरत नाही. कोळीवाड्याच्या गल्लीत, जाळी वाळत घातलेल्या अंगणांतून ती मागे घ्यायची, आणि मागे लहान मुलं. प्रवासी मोटारींना १ जुलै २०१९ पासून मागचा सेन्सर सक्तीचा झाला. पिकअपला स्वतः बसवावा लागतो. मागचा कॅमेरा आणि सेन्सर हे चैनीच्या यादीतून काढून पहिल्या पाचांत घालावेत असं माझं मत आहे.

तारापूर एमआयडीसीकडे वळणाऱ्या पिकअपचा साज कायद्यानेच ठरवलेला आहे. धोकादायक रसायन वाहणाऱ्या गाडीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२९ ते १३७ हे नियम आहेत: सायलेन्सरला ठिणगी अडवणारी जाळी, अग्निशामक नळकांडं, संरक्षक साधनं, मालाचा प्रकार सांगणारं चौकोनी चिन्ह, आणीबाणीची माहिती देणारा फलक. ड्रायव्हरला नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचं प्रशिक्षण, आणि केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे हे सांडलं तर काय करायचं त्याचा कागद. यांतलं बरंचसं पाच-दहा हजारांत होतं. पण फेरीचं भाडं पदरात पडावं म्हणून पिंपांवर ताडपत्री टाकून साधा माल असल्याचं सोंग करणाऱ्या गाड्या असतात, आणि त्यातलीच एखादी दुसऱ्या पहाटे मासळी भरायला उभी असते. हौदा धुतला म्हणून हे चालत नाही.

माणसं बसवायची सोय करून देणारं सामानही मिळतं: हौद्यात दोन बाजूंना बाक, मागे चढायला शिडी, वर पाइपांची कमान. विसर्जन, वऱ्हाड, शेतमजूर, आणि पहाटे टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका. यातला शेवटचा प्रकार अगदी वेगळा आहे. मोटार वाहन कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मालगाडीतून जाताना विम्याचं संरक्षण आहे. टोपलीची मालकीण तिच्या मासळीबरोबर जाते तेव्हा ती फुकटी प्रवासी नसते. पण न्यायालयांनी हे संरक्षण केबिनमध्ये बसणाऱ्यापुरतं धरलं आहे, आणि मालाशी संबंध नसलेल्या प्रवाशाला विमा लागू होत नाही हे तर सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी प्रकरणात सांगून टाकलं. बाक लावला की हौद्यातल्यांना बसायला मिळतं, विमा मिळत नाही. अपघातात भरपाई मालकाच्या खिशातून जाते, आणि बाक वेल्ड केलेला असला की चुकून बसवले असंही म्हणता येत नाही.

या सगळ्यावर कायद्याचं छत कलम ५२चं. नोंदणीतला तपशील मूळ कंपनीच्या मापापासून हलेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठासून सांगितलं. परवानगी असलेला बदल केला तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं. परवानगी नसलेल्या बदलाला, २०१९च्या दुरुस्तीनंतर, मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा दोन्ही. कागदावर कडक. प्रत्यक्षात तपासणी डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची होते: काळी काच, गार्ड, नंबरप्लेट. वाढवलेले पाटे कुणी मोजत नाही, तारेने बांधलेली झडप कुणी बघत नाही. दंडाच्या भीतीने लोक जे उतरवतात ते बहुतेक दिखाऊ असतं. जिवावर बेतणारं गाडीखाली शाबूत राहतं.

पिकअपच्या साजाची मोठी दुनिया आपल्याकडे नाही, अमेरिकेत आहे. तिथे १९६३ पासून या धंद्याची सेमा नावाची संघटना आहे, लास व्हेगासला तिचं दरवर्षी प्रदर्शन भरतं, आणि पिकअप घेणारे पुष्कळ लोक तिच्यात कधी पोतंही टाकत नाहीत. आपल्याकडे ती हौस २०१६ साली आलेल्या इसुझूच्या व्ही-क्रॉसने आणि २०२२ साली आलेल्या टोयोटाच्या हायलक्सने आणली. हौद्यावर फायबरचं झाकण, नाकावर विंच, टपावर तंबू. ज्याला परवडतं त्याने जरूर करावं. पण त्या सामानाची स्वस्त नक्कल बोईसरच्या दुकानात लटकते आणि दोन हप्ते थकलेला पिकअपवाला ती घेतो, तेव्हा माझा जीव हळहळतो. त्याच पैशात टपाखाली पंखा आणि सीटखाली चांगला फोम बसला असता. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला; पिकअप त्या नियमाच्या खाली राहिली, आणि मे महिन्यात बारा तास चालवणारा माणूस मात्र तोच.

मासेमारी बंदीचा काळ महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. मासळीच्या गाड्यांना तेव्हा उसंत मिळते, म्हणून बॉडीचं काम याच दिवसांत काढलं जातं. पण पावसाळी हवेत रंग नीट सुकत नाही आणि ओल्या पत्र्यावर मारलेला प्रायमर गणपतीपर्यंत फुगतो. कोटिंग मेअखेर उरकावं आणि बंदीत बॉक्स, वायरिंग, ब्रेक, झडप ही छताखालची कामं घ्यावीत. वेल्डिंग करताना बॅटरीची तार काढून ठेवायला मिस्त्रीला आवर्जून सांगावं. बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा सगळा कारभार इलेक्ट्रॉनिक डब्यावर चालतो आणि चालू बॅटरीवर केलेल्या आर्क वेल्डिंगने तो डबा जळू शकतो. एका हुकापायी हजारोंचा फटका. जुन्या मिस्त्रींना हे सांगितलं की ते हसतात, कारण २०७ वर त्यांनी वीस वर्षं असंच वेल्ड केलं आणि काही झालं नाही. आता तर २०२२ पासून टाटांची एस विजेवरही मिळते. तिच्या हौद्याखाली बॅटरी आहे आणि चासीच्या कडेने जाड केबल जातात, तेव्हा भोक कुठे पाडायचं आणि हुक कुठे लावायचा हे ठरवायला मिस्त्रीला आधी कंपनीचा नकाशा मागावा लागणार आहे.